विश्लेषण : अपघातानंतर ‘मिटवून टाकू’ म्हणणाऱ्याला काय उत्तर द्याल?

जव्हार-मोखाड्याच्या घाटात अपघात झाला की दोन गोष्टी हमखास होतात. गंभीर जखमीला नाशिकला हलवले जाते आणि मागे रस्त्यावर कोणीतरी म्हणते, ‘केस कशाला करता, मिटवून टाकू.’ पाच-दहा हजार रुपये हातावर ठेवले जातात आणि कागदावर सही किंवा अंगठा घेतला जातो. पहिली गोष्ट नाइलाजाची आहे. दुसरीला मात्र नकार द्यायलाच हवा. पाय मोडलेल्या मजुराचे खरे नुकसान दवाखान्याच्या बिलात दिसत नाही. बुडतो तो वीटभट्टीचा पुढचा अख्खा हंगाम, आणि त्याचा हिशेब अपघाताच्या दिवशी कोणालाच करता येत नाही.

आधी काय करायचे?

१०८ किंवा ११२ला फोन. रुग्णवाहिकेला वेळ लागत असेल तर मिळेल त्या जीपने निघा. जखमीला पोहोचवणाऱ्यावर नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्यातच तसे संरक्षण आहे. निघण्यापूर्वी एकाने समोरच्या गाडीची नंबरप्लेट दिसेल असा फोटो काढावा. रेंज आल्यावर एमपरिवहन अॅपवर त्या नंबरवरून विमा चालू आहे का, हे कळते.

मे २०२५पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार. पण पूर्ण लाभ नेमलेल्या रुग्णालयांतच मिळतो. त्यामुळे खासगी दवाखान्यात दाखल करण्यापूर्वी काउंटरवर स्पष्ट विचारा. स्वतःहून कोणी सांगेल, या भरवशावर राहू नका.

उपचार नाशिकला, गुन्हा मोखाड्यात

इथेच बरीच प्रकरणे सैल होतात. नाशिकच्या रुग्णालयात ‘गाडीवरून पडला’ असे लिहिले गेले, तर विमा कंपनीचा वकील पुढे तेच वाक्य दाखवतो. म्हणून ‘वाहन अपघात’ आणि माहीत असल्यास गाडीचा नंबर केसपेपरवर लिहून घ्या. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, ती शून्य क्रमांकाने नोंदवून जव्हार किंवा मोखाडा पोलिसांकडे पाठवली जाते. पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची प्रत मागा.

दाव्यासाठी ठाण्यालाच जायचे का?

नाही, आणि हे फार कमी लोकांना माहीत असते. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा समोरचा पक्ष राहतो त्या हद्दीत दावा करता येतो. विमा कंपनीचे कार्यालय त्या हद्दीत असले तरी चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये सांगितले आहे. मोखाड्याच्या माणसाला ठाण्यापेक्षा नाशिक जवळ. समोरच्या गाडीच्या विमा कंपनीचे तिथे कार्यालय असेल, तर वकिलाला हा पर्याय नक्की विचारा.

१ एप्रिल २०२२पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये दिला. पण तो अंतरिम आहे. सहा महिने हीच मुदत धरून चाला.

पगाराची पावती नसेल तर?

मजुराकडे ती नसतेच, हे न्यायालयांनाही ठाऊक आहे. २०११च्या एका निकालात कागद नसतानाही मजुराने सांगितलेले महिना साडेचार हजारांचे उत्पन्न सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. रोहयोचे जॉबकार्ड, मुकादमाचा जबाब, बँक पासबुक, जे असेल ते जोडा. अपंगत्वाचा दाखला घ्याच, पण त्यावरची टक्केवारी अंतिम नसते. हात गेलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराचा धंदाच बसतो. भरपाई ठरवताना हा फरक धरला जातो.

गंभीर दुखापतीत चूक कोणाची, हे सिद्ध न करताही अडीच लाखांचा दावा करता येतो. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या वारसांना दोन लाख मिळतात. तो अर्ज तहसील-प्रांत पातळीवर होतो.

पिकअपचा धोका

कामावर जाताना पिकअपच्या मागे दाटीने बसणारे इथे रोज दिसतात. मालवाहू गाडीत माल नसताना फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीला द्यावी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कधीच स्पष्ट केले आहे. मग जबाबदारी उरते मालकावर, आणि त्याच्याकडून वसुली करता करता वर्षे जातात. दुसरी गाडी नसताना स्वतःच्या चुकीने पडलेल्या दुचाकीस्वारालाही थर्ड पार्टी विमा उपयोगी पडत नाही. मालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेले असेल, तर पॉलिसी काढून बघा. त्याला लायसन्स मात्र चालू लागते.

वकील कुठून आणायचा?

आदिवासी, महिला आणि मुले यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती किंवा १५१०० हा क्रमांक आहे. रुग्णालयाच्या दारात भेटून ‘मिळेल त्यातले इतके टक्के’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा. भरपाईच्या टक्क्यांवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई केली आहे.

आणि सही आधीच करून बसला असाल तर? फिर्याद तरीही देता येते. मिळालेली रक्कम मात्र लपवू नका, दाव्यात स्वतःहून सांगा.