मेंदूच्या थरांचें गणित

ग्रहण लागलें कीं गर्भवती सुनेला विळीपाशीं बसूं द्यावयाचें नाहीं, हा प्रघात आमच्या रत्नागिरीकडील कित्येक घरांतून अद्यापि पाळला जातो. त्यावर वाद घालण्याचा येथें हेतु नाहीं. परंतु पुढें मुलाच्या बुद्धींत कांहीं उणीव दिसली म्हणजे ‘हिनें कांहींतरी चिरलें असेल’ असा त्या माउलीवर ठपका येतो. म्हणून गर्भाच्या मेंदूंत खरोखर काय घडतें, तें सुशिक्षित कुटुंबास ठाऊक असावें.

मोठ्या मेंदूच्या आवरणांत मज्जापेशींचे सहा थर असतात. ह्या पेशी जन्मतात खोल तळाशीं, आणि मुख्यतः गर्भाच्या तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत लांब तंतूंसारख्या आधारपेशींना धरून वर चढतात. सर्वांत बाहेरचा थर सोडल्यास, आधीं आलेल्या पेशी खालीं बसतात आणि मागाहून आलेल्या त्यांच्यामधून वाट काढीत पलीकडे जाऊन बसतात. पंगतींत बसलेल्यांना असें ओलांडून जाणें अशिष्ट खरें. मेंदूंत मात्र तोच शिष्टाचार! बाहेरच्या थरांतून रीलिन नांवाचें प्रथिन स्रवतें. हा क्रम लागण्यास तें अवश्य असतें. डगमगत चालणाऱ्या उंदरांची एक जात १९५१ सालीं वर्णिली गेली. तिच्यांत हें प्रथिन नसल्यामुळें थर बहुतांशीं उलटे बसतात.

झुरिकच्या झुब्लर व डग्लस यांनीं २००९ सालीं ह्या वाढीचें संगणकावर गणित मांडण्याची एक रीत प्रसिद्ध केली. तींत मुख्य सूत्रधार कोणीच नाहीं. केव्हां विभागावें, कोठें वळावें, कोठें थांबावें, एवढे नियम प्रत्येक पेशीला द्यावयाचे आणि काय रचलें जातें तें पाहावयाचें. एखादा नियम मोडूनहि पाहतां येतो. मनुष्याच्या गर्भांत तसें करणें अर्थातच अशक्य.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील डॉ. शुभा टोळे यांच्या गटानें २००८ सालीं उंदरांत दाखविलें कीं, आरंभींच्या पेशींत एल्एच्एक्स्-२ हें जनुक नसेल तर त्या आवरणाच्या पेशी होतच नाहींत. म्हणजे चढणीपूर्वींच पुष्कळसें ठरून गेलेलें असतें.

मनुष्यांत लिस्-१ ह्या जनुकांत बिघाड झाला तर पेशी वाटेंतच अडकतात आणि मेंदू वळ्यांवांचून गुळगुळीत राहतो. हें जनुक १९९३ सालीं सांपडलें. तो बिघाड बहुतेक वेळां आईबापांकडून आलेला नसतो, नव्यानेंच उद्भवतो. मेंदूच्या वाढींतील दोषांस इतर कारणेंहि आहेत, गर्भिणीस झालेला विषाणूंचा संसर्ग हें त्यांपैकीं एक. अशा घरीं दुसऱ्या अपत्याचा विचार असल्यास मुलाची व आईबापांची जनुकतपासणी आधीं करून घ्यावी. मुंबई-पुण्यास ती होते.