छाप पाहू नका, टाके पाहा!

सोने कसोटीवर घासून घेणारा चोखंदळ गृहस्थ पाकीट घेताना मात्र नुसत्या छापावर भाळतो. फसगत होते ती इथेच!

पॅरिसच्या लुई व्हिताँ या पेढीचेच पाहा. नकलांना कंटाळून तिने १८८८ साली चौकड्यांच्या कापडावर आपले नाव छापले. तरी नकला थांबेनात, म्हणून १८९६ मध्ये जॉर्ज व्हिताँने आद्याक्षरे आणि फुले यांची नक्षी काढली. चोरासाठी घातलेले हे कुलूप आज चोरच गल्लोगल्ली विकत आहेत!

तेव्हा नक्षी सर्वांत शेवटी पाहावी. आधी पाकीट उघडा. टाके सरळ व सारख्या अंतरावर हवेत, कडांचा रंग एकसारखा हवा, अक्षरांचा ठसा रेखीव हवा. त्या प्रसिद्ध तपकिरी नक्षीला कोणी 'अस्सल चामडे' म्हणू लागला, तर सावध व्हा. ते मुळात लेप दिलेले सुती कापड आहे! आतला संकेतांकही पुरावा नव्हे. तो नकलेवरही उमटवता येतो. उलट २०२१ पासून पेढीने त्याच्या जागी चिप बसवायला घेतली, म्हणून नव्या पाकिटात अंक दिसला नाही तरी बिचकू नये.

ही पेढी कधी सेल लावीत नाही. 'दिवाळीनिमित्त निम्म्या किमतीत' म्हणणाऱ्याकडे मूळ पावती मागावी. तो चाचरला, तर पैसे खिशातच ठेवावेत आणि भाऊबिजेला चांगल्या चामड्याचे, बिननावाचे पाकीट घ्यावे. त्याची नक्कल करण्याची तसदी कोणी घेत नाही!