रिसाला, तोफखाना आणि बुजलेले खंदक

हिंगोलीत रिसाला, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा ही नावे रोज तोंडी असतात. निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीची ही आठवण. १९०३ मध्ये ते सैन्य ब्रिटिशांच्या भारतीय लष्करात विलीन झाले. नावे राहिली. जमिनीखाली काय राहिले, हेही आता पाहायला हवे.

रोमन सैनिक मोहिमेवर असताना एक-दोन रात्रींसाठीही तळाभोवती खंदक खणत आणि मातीचा बांध घालत. ते खंदक कधीच बुजले. पण बुजलेल्या जागी माती खोल असते, ओल धरून ठेवते. पाऊस ओढ देतो तेव्हा बाकीचे पीक पिवळे पडते, हा पट्टा मात्र हिरवा राहतो आणि आकाशातून तळाचा चौकोन दिसतो. स्कॉटलंडमध्ये किंटोरच्या तळावर खोदकामात पाव भाजायच्या शंभरावर भट्ट्या निघाल्या. २०२३ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अरबस्तानच्या वाळवंटातले तीन तळ उपग्रहचित्रांत हेरले.

तिथे मुक्काम रात्रींचा होता, हिंगोलीत तो कित्येक दशकांचा. मात्र पाया खणला, की मातीचे थर कायमचे विस्कटतात. म्हणून राज्य पुरातत्त्व विभागाने नगर परिषदेला सोबत घेऊन जुने नकाशे आणि ड्रोनचित्रे जुळवावीत, छावणीची हद्द आखावी. नव्या लेआउटला मंजुरी त्यानंतरच द्यावी.