पाण्याचा हक्क व आपलें दप्तर

जमिनीचा हक्क कसा राखावा, हें आमच्या शेतकरी बंधूंस शिकवावें लागत नाहीं. बांध हातभर सरकला तरी ते मोजणी आणवितात, फेरफारास हरकत नोंदवितात. परंतु त्याच जमिनीस मिळणारें पाणी नासलें, तर मात्र दैवास बोल लावून स्वस्थ बसतात. पाण्याची शुद्धता सात-बाराच्या उताऱ्यावर लिहिलेली नसते. आणि जें उताऱ्यावर नाहीं तें आपलें नाहीं, असा आमचा समज झालेला आहे.

हा समज चुकीचा आहे. राज्यघटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्कांत प्रदूषणमुक्त पाणी व हवा यांचा हक्क येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणांत सांगितलें. पुढें १९९६ सालीं, तमिळनाडूंतील चामड्याच्या कारखान्यांनीं पालार नदी व कांठचीं शेतें नासविल्याच्या प्रकरणांत, ज्यानें घाण केली त्यानेंच भरपाई करावी, हें तत्त्व मान्य झालें.

असें असतां आपल्या इंद्रायणीची स्थिति पाहावी. पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यांतील कारखान्यांचें रसायनमिश्रित पाणी आणि कांठच्या शहरांचें व गांवांचें मैलापाणी पोटांत घेऊन ती आळंदीस येते. तेथें पांढऱ्या फेसाचे थर वारंवार दिसतात. वर्तमानपत्रें वारकऱ्यांच्या स्नानाची चिंता वाहतात, तें योग्यच; परंतु तेंच पाणी पुढें तुळापूरपर्यंत पिकांस व जनावरांस जातें, याची वाच्यता फारशी होत नाहीं.

कोणी म्हणतील, आमचींच मुलें त्या कारखान्यांत कामास आहेत, तक्रार कशी करावी? पण कारखाने बंद करा, अशी मागणीच नाहीं. सांडपाणी शुद्ध करून सोडावें, एवढेंच म्हणणें आहे. आणि १९७४ च्या जलप्रदूषणविषयक कायद्याचें तें बंधनच आहे. हाच नियम शहराच्या गटारांस व आमच्या गांवच्या ओढ्यासही लागू आहे.

दाद मागण्यास दूर जावें लागत नाहीं. २०१० च्या कायद्यानें स्थापिलेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचें पश्चिम विभागाचें पीठ पुण्यासच आहे. ज्याच्या मालमत्तेचें नुकसान झालें तो, अथवा त्याच्या वतीनें एखादी प्रातिनिधिक संस्था, तेथें अर्ज करूं शकते. मात्र वादाच्या अर्जास साधारणतः सहा महिन्यांची व भरपाईच्या अर्जास पांच वर्षांची मुदत आहे. महसुली दप्तरांत हयात घालविलेल्या माणसास एक गोष्ट पक्की ठाऊक असते: तोंडी तक्रारीस तारीख नसते, आणि तारखेवांचून मुदत मोजतां येत नाहीं.

म्हणून पाणी बिघडतांच दिवस, गट नंबर, पाण्याचा रंग व वास, पिकाची हानि हें सर्व लिहून ठेवावें. शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज देऊन नमुना घेण्याची मागणी करावी व पोंच जपून ठेवावी. एकट्यादुकट्यास हें जड जाईल. यास्तव आपल्या संस्थेनें नदीकांठच्या प्रत्येक गांवीं अशी एक नोंदवही ठेवण्याचें मनावर घ्यावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.