फळ आहे, पिझ्झा नाही!

आमच्या ऑफिसात प्रत्येक गोष्टीला डेडलाइन असते. त्यामुळे यंदा लेन्ट सुरू झाला तेव्हा मी देवालाही एक देऊन टाकली. राखेचा बुधवार ते ईस्टर, मधले रविवार सोडले तर मोजून ४० दिवस. तेवढ्यात माझा आणि धाकट्या भावाचा अबोला मिटायला हवा. बाबांच्या आजारपणाच्या खर्चावरून भांडलो होतो, त्याला आठ महिने झाले. मी चहा सोडला, रोज सकाळी प्रार्थना केली आणि दिवसातून दहादा मोबाइल बघितला. दोन आठवडे गेले. फोन नाही! मी सॉलिड वैतागले.

रविवारी नगरला आजीकडे गेले. म्हटलं, "आजी, देव ऐकतच नाही गं." ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "पौलाने गलतीकरांना काय लिहिलंय? आत्म्याचं फळ. त्यात सहनशीलताही येते. फळ म्हटलंय बाई, पिझ्झा नाही अर्ध्या तासात दारात यायला." आणि निघताना हातात ‘स्मृतिचित्रे’ ठेवलं.

शाळेत धड्यापुरत्या भेटलेल्या लक्ष्मीबाई टिळक मला एसटीत नीट भेटल्या. नवऱ्याने, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि बाईंचं जग कोसळलं. आधी त्या दूर राहिल्या. मग नवऱ्याजवळ आल्या, तरी सोवळं-ओवळं सुटेना. ते सुटलं हळूहळू, आतून. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं! टिळक १९१९ मध्ये गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते पुढे लिहायला घेतलं कोणी? शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी.

मला वाटायचं, पेशन्स म्हणजे समोरचा बदलेपर्यंत दातओठ खात गप्प बसणं. इथे तर वाट बघणारं माणूसच बदलत होतं. आणि मी? भाऊ बदलावा एवढंच मागत होते. कोणी किती हजार दिले, याची माझी एक्सेल शीट मात्र जागच्या जागी. हो, खरंच शीट केली होती. रंगसुद्धा भरले होते!

त्या रात्री ती फाइल डिलीट केली. दोनदा रिसायकल बिनमधून परत काढली, हेही सांगते. तिसऱ्यांदा बिनच रिकामी केली.

ईस्टर आला. भावाचा फोन आला नाही. सोमवारी मीच लावला.

"जेवलास का रे?"

"हो. तू?"

"हो."

बस, एवढंच. पण ठेवताना मनात हिशेब नव्हता, तेवढं हलकं वाटलं. पुढच्या रविवारी पुन्हा करणार आहे. या वेळी डेडलाइन नाही.