येसराचा डबा
परभणी जिल्ह्यातील एखाद्या जुन्या स्वयंपाकघराचा कारभार ज्याने जवळून न्याहाळला असेल, त्याला काटकसर आणि रुची यांचे वैर आहे हे मत सोडून द्यावेच लागेल. उन्हाळ्यात सालाची बेगमी करताना गहू, ज्वारी वा बाजरी, हरभऱ्याची डाळ आणि धणे-जिऱ्यांसह गरम मसाल्याचे जिन्नस निरनिराळे भाजून जे पीठ दळून ठेवतात, ते येसर. आणि ज्या दिवशी आठवडी बाजार दूर, घरात हिरवी काडी नाही आणि पाहुणा मात्र ओसरीवर येऊन बसलेला, त्या दिवशी पाण्यात कालवलेले तेच पीठ लसणाच्या फोडणीत उकळून दाट, खमंग आमटीच्या रूपाने भाकरीशेजारी वाढले जाते. धान्य आधीच भाजलेले असल्यामुळे सरपण थोडे लागते, ओलावा उडालेला असल्यामुळे पीठ पुष्कळ दिवस टिकते. अशी दूरदृष्टीची तजवीज कोणत्याही सरकारी कोठाराला शोभावी! भाकरही सामान्य मानू नये: परभणीच्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ साली लोह व जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण प्रसारित केला. असे असता शहरातील नव्या बिऱ्हाडांनी येसर सोडून तयार मसाल्यांच्या पुड्यांवर भिस्त ठेवावी, याचे मला मनापासून दुःख होते. दोघांच्या संसारास अर्धा किलो येसर पुष्कळ झाले. फक्त डब्यात ओला चमचा जाऊ देऊ नये.