डोकी मोजण्याचे राजकारण

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी कारखान्यातील कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर गेली. दुकाने व आस्थापना यांच्यासाठी नवाचे दहा तास झाले. गुंतवणूक यावी, रोजगार वाढावा आणि कामगारांचे हितही राखले जावे, असे हेतू त्यासोबत सांगण्यात आले. हेतू सांगण्यात सरकारे कधीच कंजुषी करीत नाहीत. प्रश्न एवढाच, की ही मागणी कोणाची होती? बारा तासांचा दिवस आम्हाला हवा असे म्हणत कोणता कामगार मंत्रालयाच्या पायऱ्या चढला होता?

उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून गावाकडे पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर थकून झोपले असता मालगाडीखाली चिरडले गेले. मुंबईचा चाकरमानी त्याच दिवसांत डोक्यावर बोचके घेऊन मुंबई-गोवा महामार्गाने कोकणची वाट तुडवत होता. आणि नेमक्या त्याच ८ मे रोजी केंद्रीय श्रममंत्री देशातील मालकांच्या बारा संघटनांशी दूरचित्रसंवाद करीत होते. त्या बैठकीत काय मागितले गेले हे सांगण्यासाठी कोणत्याही गुप्त कागदाची गरज नाही; सरकारच्या स्वतःच्या प्रसिद्धिपत्रकात ते नमूद आहे. किमान वेतन, बोनस व कायदेशीर देणी वगळता बाकीचे कामगार कायदे दोन-तीन वर्षे स्थगित ठेवावेत. कामाचा दिवस बारा तासांचा करावा. टाळेबंदीचा काळ ‘ले-ऑफ’ समजावा. टाळेबंदीत कामगारांना दिलेला पगार कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या खर्चात धरावा. म्हणजे कामगाराचा पगार हा दानधर्म! बारा तासांचे बीज पडले ते त्या दिवशी. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने पाच वर्षांनी त्याला पाणी घातले.

त्याच सुमारास उत्तर प्रदेश सरकारने बहुतेक कामगार कायदे तीन वर्षे बासनात बांधणारा अध्यादेश मंजूर केला. गुजरात सरकारने तर जादा तासांचा दुप्पट दरही काढून घेतला. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केला. तोवर संसदेत मोठे काम उरकून झाले होते. विरोधी पक्षांचा बहिष्कार चालू असताना सप्टेंबर २०२० मध्ये तीन संहिता मंजूर झाल्या. वेतनाची चौथी संहिता आदल्या वर्षीच झाली होती. २९ कायदे गिळणाऱ्या या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आल्या.

मालकांनी आपले म्हणणे सरकारपुढे मांडू नये, असे कोणी म्हणत नाही. आक्षेप आहे तो मांडण्याच्या जागेबद्दल, वेळेबद्दल आणि ऐकणाऱ्या कानाबद्दल.

हे तंत्र नवे नाही. त्याचे वय दीडशे वर्षांचे आहे आणि त्याची जन्मभूमी मुंबई आहे. १८७५ साली गिरण्यांतील कामाची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने पहिले फॅक्टरी कमिशन नेमले. त्याच वर्षी बॉम्बे मिलओनर्स असोसिएशन अस्तित्वात आली. कमिशनातील बहुमताने कायद्याची आवश्यकता नाही असा निर्वाळा दिला. पुढे रॉयल कमिशनने भारतातील कामगारांच्या स्थितीवर १९३१ मध्ये अहवाल दिला; लगोलग १९३२ मध्ये ऑल इंडिया ऑर्गनायझेशन ऑफ एम्प्लॉयर्स आणि १९३३ मध्ये एम्प्लॉयर्स फेडरेशन ऑफ इंडिया या संघटना उभ्या राहिल्या. कायदा उंबरठ्यावर येतो न येतो तोच मालकांची संघटना दारात हजर असते. कामगारांच्या संघटना मात्र अन्याय सोसून झाल्यावर जन्मतात. हा फरक आमच्या कार्यकर्त्यांनी ध्यानात घेण्याजोगा आहे.

त्या गिरण्यांत राबणारा माणूस कोण होता, हे रत्नागिरीकराला सांगावे लागत नाही. मुंबईला या जिल्ह्याइतकी माणसे दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्याने दिली नाहीत. आजचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ पर्यंत याच जिल्ह्यात होता. खोताच्या जमिनीत पोट भरेना म्हणून तो बोटीत बसला आणि गिरणगावात उतरून साच्यापुढे उभा राहिला. त्याची मनिऑर्डर आल्याखेरीज इकडे घरची चूल धडपणे पेटत नसे. उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालणाऱ्या त्या कामाला मर्यादा घालावी म्हटले, की गिरणीमालकांचे उत्तर ठरलेले असे : हा लँकेशायरचा कावा आहे, स्वदेशी धंदा बुडवण्यासाठी तिकडचे कारखानदार हे कायदे मागत आहेत. त्यात अर्धे सत्य होतेच. लँकेशायरला भारतीय मजुराचा कळवळा मुळीच नव्हता. परंतु त्या अर्ध्या सत्याच्या आडोशाला सात वर्षांची पोरे कामाला जुंपली जात होती. राष्ट्रीय वृत्तीच्या बहुतेक वृत्तपत्रांनीही त्या काळी मालकांचीच री ओढली. आगरकरांच्या प्रभावाखालील ‘मराठा’ने कामगारांची बाजू घेतली, हा सन्मान्य अपवाद. ज्या कामगाराला देशाच्या धंद्याचा शत्रू ठरवले जात होते, त्याच कामगाराने १९०८ च्या जुलैत, रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा, वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस मुंबईच्या गिरण्या बंद ठेवल्या. देशभक्तीचा दाखला त्याने कोणाकडून आणावा?

आता लँकेशायरच्या जागी चीन आणि व्हिएतनाम आले आहेत. युक्तिवाद अक्षरशः तोच. आमच्या कामगाराला तुम्ही फार जपता, म्हणून कारखाने परदेशी जातात. या म्हणण्याला शास्त्राचा मुलामा देण्यासाठी काही वर्षे जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’ क्रमवारीचा मोठा उदोउदो झाला. भारत १४२ व्या क्रमांकावरून ६३ व्या क्रमांकावर आला म्हणून सोहळे झाले. पुढे त्या आकड्यांतच गैरप्रकार आढळले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने तो अहवाल कायमचा बंद केला. गज खोटा निघाला. त्या गजाने बेतलेले कपडे मात्र कामगाराच्या अंगावर चढवायचे ते चढवलेच.

या साऱ्या व्यवहारात मालकवर्गाचे सर्वांत धारदार हत्यार कोणते, तर एक साधा आकडा. कायदा रद्द करा अशी मागणी उघडपणे करणे अवघड असते. लोक ऐकतात, वर्तमानपत्रे ओरडतात. त्यापेक्षा कायदा जागेवर ठेवावा आणि तो किती माणसांच्या कारखान्याला लागू होईल तेवढा आकडा वाढवून घ्यावा. आरडाओरडा होत नाही आणि काम फत्ते होते.

आपल्या कारखाना कायद्याचा इतिहास या दृष्टीने पाहावा. १८८१ चा पहिला कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, शंभर माणसांच्या कारखान्यांनाच लागू होता. १८९१ मध्ये शंभराचे पन्नास झाले. १९२२ मध्ये वीस झाले. १९४८ मध्ये, स्वातंत्र्यानंतर, दहा झाले. सदुसष्ट वर्षांत कायदा शंभर डोक्यांवरून दहा डोक्यांपर्यंत खाली उतरला, तो कोणाच्या दयाबुद्धीमुळे नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन कमिशनपुढे ठेवले. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, एवढेच मागणे होते. त्यातला रविवार गिरणीमालकांनी मान्य केला तो १८९० च्या जूनमध्ये, महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांची सभा झाल्यावर. एका रविवारासाठी सहा वर्षे! पुढे आठवड्याचे ४८ तास कायद्यात आले ते १९४६ साली, आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या मंडळातील श्रमसदस्य म्हणून चार वर्षे त्याचा पाठपुरावा केल्यानंतर. त्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे.

२०२० च्या संहितांनी देशव्यापी कायद्यातील हा आकडा उलट्या दिशेने फिरवला. विजेवर चालणारा कारखाना दहाऐवजी वीस माणसांचा असेल तरच ‘कारखाना’. विजेविना चालणारा असेल तर विसाऐवजी चाळीस. कंत्राटदाराकडे विसाऐवजी पन्नास माणसे असतील तरच कंत्राटी कामाची कलमे. स्थायी आदेश शंभराऐवजी तीनशेला. कामगारकपात वा कारखानाबंदी यांसाठी सरकारची पूर्वपरवानगी, तीही तीनशेपासून पुढे. १९७६ मध्ये परवानगीचे हे प्रकरण कायद्यात आले तेव्हा आकडा तीनशेच होता; १९८२ च्या दुरुस्तीने तो शंभरावर आणला होता. २००१ च्या अर्थसंकल्पीय भाषणात तर अर्थमंत्र्यांनी हजाराचा प्रस्ताव मांडला होता. आधी हजार म्हणायचे आणि मग तीनशेवर ‘समतोल’ साधल्याचे श्रेय घ्यायचे, ही घासाघीस भाजीबाजारातही कोणी इतक्या सफाईने करीत नाही.

सरकारचा वकील म्हणेल, की सुरक्षिततेच्या संहितेतील सर्वसाधारण कलमे दहा कामगारांच्या आस्थापनेला लागू आहेतच. मान्य. परंतु ‘कारखाना’ या शब्दावर जी खास बंधने उभी होती, त्यांच्या छपरातून दहा ते एकोणीस माणसांचे कारखाने बाहेर पडले, हे तो नाकारू शकत नाही. आता रत्नागिरी जिल्ह्याकडे पाहा. मिरजोळे, लोटे-परशुराम, गाणे-खडपोली येथील औद्योगिक वसाहती. काजू फोडणारे, मासळी सोलून गोठवणारे, आंब्याचा रस डबाबंद करणारे छोटे उद्योग. यांतल्या कितींच्या हजेरीपटावर तीनशे नावे आहेत, हे वाचकांनी स्वतःच मोजावे. काजूच्या युनिटात पंधरा-अठरा बायका बसलेल्या असतात. चिकाने बोटांची कातडी गेलेली असते. हजेरीपटावर अठरा, त्याच छपराखाली एका कंत्राटदाराच्या वहीत सोळा, दुसऱ्याच्या वहीत बारा, असा हिशेब एखाद्या वसाहतीच्या फाटकाशी तासभर उभे राहिले तर कोणीही सांगतो. सेहेचाळीस माणसे एकाच पाळीत आत जातात. कायद्याच्या चष्म्यातून मात्र तिथे कंत्राटी कामगारच नसतात. आणि ही डोकी तपासायला येणारा जो अधिकारी, त्याचे नावही आता ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ असे झाले आहे. सुविधा कोणाची, हे विचारायचे नाही!

बारा तासांच्या निर्णयात एक अट होती : जादा कामाला कामगाराची लेखी संमती हवी. दुप्पट मजुरीही कायम आहे. हे ऐकायला बरे वाटते. पण ज्याची नोकरी अकरा महिन्यांच्या कागदावर टांगलेली आहे, त्याच्यापुढे संमतीचा कागद ठेवून लेखणी हातात दिली, तर ‘नाही’ लिहिण्याची त्याची प्राज्ञा आहे काय? संमतीला अर्थ येतो तो पाठीशी संघटना असली तरच. आणि संहितेने त्याच संघटनेचे हात बांधले आहेत. चौदा दिवसांची संपाची नोटीस पूर्वी सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांना लागे; ती आता प्रत्येक कारखान्याला लागते. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संप ठरतो.

मालकांच्या संघटना हा खेळ केवळ आपल्याकडेच खेळतात असे नव्हे. ऑक्टोबर १९८० मध्ये युरोपीय समुदायाचे डच समाजवादी आयुक्त हेंक व्रेडेलिंग यांनी एक मसुदा मांडला. बहुराष्ट्रीय कंपनीच्या शाखेत शंभर कामगार असतील तर कारखाना बंद करणे वा हलवणे यांसारख्या निर्णयांआधी त्यांना माहिती द्यावी, त्यांचा सल्ला घ्यावा, इतकीच ती सौम्य सूचना. युरोपातील मालकांची ब्रसेल्सस्थित महासंघटना युनिस आणि तिच्या जोडीला अमेरिकी कंपन्यांच्या संघटना तिच्यावर तुटून पडल्या. १९८३ मध्ये मसुदा पातळ झाला. कसा? शंभराचे हजार झाले! १९८६ मध्ये तो गुंडाळून ठेवला गेला. १९९४ मध्ये युरोपीय कामगार मंडळांचा कायदा आला तोही हजारांच्या कंपन्यांपुरता. ब्रसेल्स काय, दिल्ली काय, पाटीवरची पेन्सिल एकाच जागी फिरते. फरक एक आहे. युरोपीय संस्थांच्या दारी वजन टाकणाऱ्यांची एक नोंदवही २०११ पासून आहे. त्यात पळवाटा पुष्कळ, तरी कोण कोणासाठी किती पैसा खर्च करतो याचा माग काढता येतो. आपल्याकडे असा कायदाच नाही. २०२० ची ती बैठक आपल्याला कळली, ती सरकारला ती सांगण्यात काही गैर वाटले नाही म्हणून.

कामगारांना बोलण्यासाठी एक दालन होते. सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय श्रमपरिषद १९४२ मध्ये आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली, तिथून ती परंपरा सुरू झाली. भारतीय श्रमपरिषदेचे ४६ वे अधिवेशन जुलै २०१५ मध्ये झाले. त्यानंतर दहा वर्षांत, म्हणजे ज्या काळात २९ कायदे मोडून चार संहिता केल्या गेल्या त्या संपूर्ण काळात, ते दालन एकदाही उघडले नाही.

आपल्या पदरातही माप घालावे लागेल. केंद्रीय कामगार संघटनांनी ९ जुलै २०२५ चा देशव्यापी संप केला, २६ नोव्हेंबरला निदर्शने केली. त्यांत आपण होतो. परंतु आपल्या संघटनांची शक्ती वर्षानुवर्षे मोठ्या कारखान्यांत, बँकांत, एस.टी.त आणि सरकारी कचेऱ्यांत एकवटली. अठरा बायकांच्या काजूच्या शेडमध्ये आपण गेलो नाही, कारण तिथून वर्गणी जमत नाही आणि सभेला गर्दीही होत नाही. मालकांनी मात्र त्या अठरांचा विचार आपल्याआधी केला आणि बरोबर त्यांच्या डोक्यावरून कायद्याची रेघ ओढली.

तेव्हा रत्नागिरी, खेड व चिपळूण येथील कार्यकर्त्यांनी सुरुवात मोजणीपासूनच करावी. प्रत्येक वसाहतीत कारखानावार किती माणसे फाटकातून आत जातात, किती हजेरीपटावर आहेत, किती कोणत्या कंत्राटदाराच्या वहीत आहेत, बारा तासांच्या संमतीपत्रावर सही कोणत्या दिवशी व कोणासमोर घेतली गेली, याची टिपणे काढावीत. कामगारांची नावे फोडू नयेत, आकडे पुरेत. ती टिपणे घेऊन जिल्ह्यातील पाचही आमदारांना आणि खासदारांना भेटावे. उद्योजकांच्या कोणत्या संघटनेचे कोणते निवेदन तुमच्याकडे आले, त्यावर तुम्ही काय लिहून पाठवले, हे त्यांना लेखी विचारावे, आणि उत्तर येवो न येवो, तो पत्रव्यवहार तारखांसह छापावा.